पँट्रीची खोली वाढवायची तर शहर मध्ये कशाला? झोनिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत किराणा देणाऱ्या केंद्राला, मागच्या अंगाला एक मोठी खोली, एक वॉक-इन कूलर (आत चालत जाता येईल अशी थंड खोली) आणि ट्रक टेकायला जागा हवी होती. एवढ्यासाठी अर्ज टाकल्यापासून मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत अकरा महिने गेले. मी इमारत समितीत होते, म्हणजे त्या अकरा महिन्यांत आमच्या डायनिंग टेबलवर जेवण कमी आणि नकाशेच जास्त असायचे. शनिवारी मालाच्या सॉर्टिंगला, म्हणजे निवडानिवडीला, येणारी मराठी मंडळी, शहराचं पत्र मिळालेले शेजारी, दुसऱ्या राज्यात अशाच उद्योगात पडलेली एक मैत्रीण, सगळे मला फिरून फिरून तेच विचारत राहिले. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता आणि चालवता येईल हे ठरवणारे नियम. अमेरिकेत प्रत्येक शहराचा झोनिंग कोड वेगळा असतो, तेव्हा आकडे आणि मुदती आपापल्या शहराच्या कोडमधून तपासून घ्या.

फूड पँट्री आणि फूड बँक एकच ना?

नाही, आणि अर्जात हा घोळ महागात पडतो. फूड बँक म्हणजे गोदाम. तिथे ट्रकच्या ट्रक माल येतो आणि तिथून तो पँट्र्यांना जातो. पँट्री म्हणजे या साखळीचं शेवटचं टोक, जिथे पिशवी माणसाच्या हातात पडते. १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली सेंट मेरीज ही पहिली फूड बँक मानली जाते. आज फीडिंग अमेरिकाच्या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या पँट्र्या हजारोंनी आहेत.

झोनिंगवाल्यांच्या डोक्यात गोदाम म्हटलं की औद्योगिक झोन येतो. आमच्या पहिल्या मसुद्यात कुणीतरी सवयीने ‘फूड बँक’ लिहिलं होतं. शहराच्या प्लॅनिंग विभागातल्या प्लॅनरबाईंचा पहिला प्रश्न आला, ‘दिवसाला किती सेमी ट्रक (मोठे ट्रेलर) येतील?’ आमच्याकडे आठवड्याला एक ट्रक येतो.

जागा आपली, पैसे देणगीचे, काम पुण्याचं. मग शहराला विचारायचं कशाला?

कारण जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार शहराकडे आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये अख्ख्या शहराला लागू होणारा झोनिंगचा नियम केला. पुढे १९२० च्या दशकात हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला आणि राज्यांनी तो पटापट उचलला. ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाविरुद्ध एक जमीनमालक कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, आणि १९२६ मध्ये कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला. घरं इथे, दुकानं तिथे, कारखाने पलीकडे, अशी विभागणी तेव्हापासून पक्की झाली. टेक्सासमधलं ह्यूस्टन हे याला मोठा अपवाद. तिथे असं झोनिंगच नाही.

काम पुण्याचं आहे की नाही, हा प्रश्न त्या कोडमध्ये कुठेच नाही. ही गोष्ट पचायला आमच्या समितीला तीन बैठका लागल्या.

पण पँट्री तर वीस वर्षं तिथेच आहे. आता कसली परवानगी?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, आणि खरं घोडं इथेच अडतं. आधी पँट्री आली आणि नंतर त्या भागाचा झोन बदलला, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं असतं. अशा वापराला ‘लीगल नॉनकन्फॉर्मिंग’ म्हणतात. बोलीभाषेत ‘ग्रँडफादर्ड’, म्हणजे आजोबांच्या पुण्याईवर चाललेलं. आहे तसं चालू ठेवायला हरकत नसते. पण आजोबांची पुण्याई आहे त्या चार भिंतींपुरती असते. भिंत पुढे सरकवली, कूलरसाठी नवी खोली काढली, की बहुतेक शहरांत आजचा कोड लागू होतो किंवा निदान वेगळी परवानगी तरी घ्यावी लागते.

आणखी एक सावधगिरी. असा वापर ठरावीक काळ बंद पडला तर हक्क जाऊ शकतो. काही ठिकाणी ही मुदत सहा महिने असते, काही ठिकाणी वर्ष. बांधकामासाठी पँट्री दुसरीकडे हलवणार असाल तर हे आधी लेखी विचारून घ्या. आम्ही विचारलं, म्हणून एका खोलीतून का होईना, वाटप तिथेच चालू ठेवलं.

आमच्या शहराच्या कोडमध्ये ‘फूड पँट्री’ हा शब्दच नाही. मग आम्ही कशात मोडतो?

बहुतेक कोडांत तो नसतोच. मग प्लॅनिंग विभाग जवळचा शब्द शोधतो: कम्युनिटी सेंटर, सोशल सर्व्हिस, किराणा दुकान, गोदाम, किंवा चर्चच्या आवारात असाल तर चर्चला पूरक वापर. कुठल्या कप्प्यात बसवतात यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कम्युनिटी सेंटर ठरलात तर निवासी भागातही अटींवर जागा मिळू शकते, गोदाम ठरलात तर तिथेच गाडी थांबते.

हा निर्णय तोंडी घेऊ नका. झोनिंग प्रमुखांकडून लेखी निर्वाळा मागता येतो. त्यासाठी थोडी फी पडते, पण पुढे कुणी ‘हे तर गोदाम आहे’ म्हणून उभं राहिलं तर तोच कागद पुढे करता येतो.

अर्ज नेमका कशासाठी करायचा?

तीन-चार प्रकार आहेत आणि माणसं त्यांची सर्रास खिचडी करतात. तुमच्या झोनमध्ये पँट्री अटींवर चालत असेल तर कंडिशनल यूज परमिट. काही शहरांत यालाच स्पेशल यूज किंवा स्पेशल एक्सेप्शन म्हणतात. वापर मान्य आहे, पण नवी खोली शेजारच्या हद्दीच्या फार जवळ जातेय किंवा उंची बसत नाही, असं असेल तर व्हेरियन्स, म्हणजे मापांतून सूट. वापर आणि मापं दोन्ही बसतात, फक्त मांडणी तपासायची आहे, तर साइट प्लॅन रिव्ह्यू. आणि काहीच बसत नसेल तर झोनच बदलून मागायचा, म्हणजे रीझोनिंग. त्याचा निर्णय सिटी कौन्सिल घेतं. त्या वाटेला शक्यतो जाऊ नये.

व्हेरियन्सबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘आमच्याकडे पैसे कमी आहेत’ ही व्हेरियन्ससाठी अडचण धरली जात नाही. अडचण जमिनीची हवी: प्लॉट त्रिकोणी आहे, मागे उतार आहे, मधून गटाराची लाइन गेलीय. आमचा प्लॉट मागे निमुळता होत जातो, म्हणून आम्हाला मागच्या हद्दीपासून चार फुटांची सूट मागता आली. आमच्या खजिनदारांनी गरिबीवर पानभर लिहिलं होतं. प्लॅनरबाईंनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं.

मग ते बघतात तरी काय?

गाड्या, रांग, ट्रक, पाणी, कचरा, दिवे आणि आवाज. बस.

रांगेपासून सुरुवात करते, कारण शेजाऱ्यांचा खरा राग तिच्यावर असतो. रांगेतल्या एका गाडीला २० ते २५ फूट धरतात. ३० गाड्या म्हणजे ६०० ते ७५० फूट. आमच्या आवारात रांगेसाठी जागा होती १८० फूट, म्हणजे सात ते नऊ गाड्या. बाकीच्या रस्त्यावर, आणि त्यातल्या दोन-तीन नेमक्या समोरच्या आजोबांच्या ड्राइव्हवेसमोर. ते दर शनिवारी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत.

सल्लागार नेमायला पैसे नव्हते, म्हणून मी सलग चार शनिवार पार्किंगच्या कोपऱ्यात घडीची खुर्ची टाकून बसले, हातात मोजणीचं क्लिकर. वाटप नऊला सुरू व्हायचं. पहिली गाडी यायची सात चाळीसला. सर्वांत लांब रांग नऊला दहा कमी असताना, आणि साडेदहानंतर आवार रिकामं. एवढ्या लवकर का येतात म्हणून मी एकीला विचारलं. ती म्हणाली, ‘दूध आणि अंडी आधी संपतात.’ आणि ती खरंच संपत होती, कारण आमचा कूलर घरगुती फ्रिजहून जरा मोठा, इतकाच होता. म्हणजे कूलर लहान म्हणून दूध थोडं, दूध थोडं म्हणून माणसं लवकर, माणसं एकदम म्हणून रांग रस्त्यावर.

आमच्या अर्जाचा कणा यातूनच तयार झाला. ‘इमारत वाढली की गर्दी वाढणार’ असं शेजाऱ्यांचं म्हणणं होतं. आम्ही आकडे मांडून दाखवलं की कूलर मोठा झाला, वेळ ठरवून बोलावता आलं आणि थांबायला आत खुर्च्या असल्या, तर कुटुंबं वाढूनही रस्त्यावरची रांग घटते. चार शनिवारांचा तो तक्ता स्टाफ रिपोर्टमध्ये, म्हणजे प्लॅनिंग विभागाच्या अहवालात, जसाच्या तसा छापला गेला. एवढं मला कधी परीक्षेत गुण मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

आता ट्रक. ठरलेल्या मापाचं पॅलेट, म्हणजे माल रचून आणायची लाकडी फळी, ४८ इंच लांब आणि ४० इंच रुंद असतं. आमचं मागचं दार ३६ इंच. त्यामुळे प्रत्येक पॅलेट फुटपाथवर सोडवायचं आणि बटाट्याची पोती, गोठवलेल्या कोंबडीची खोकी हातोहात आत न्यायची. तोवर ट्रक रस्त्याच्या कडेला, त्याचं शीतयंत्र घरघरत, चाळीस मिनिटं. आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्या बाईंना आम्ही आधी कटकट्या समजत होतो. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसले आणि तो आवाज मी तिथून ऐकला. समोरासमोर बोलतानाही आम्हाला आवाज चढवावा लागत होता. नकाशात रुंद दार आणि ट्रक आवारात मागे लागेल अशी जागा दाखवली, आणि त्या बाई सुनावणीत आमच्या बाजूने बोलल्या.

पाणी. पँट्रीचं पाणी कुठे मुरतंय हे शहराला अगदी शब्दशः जाणून घ्यायचं असतं. छप्पर आणि डांबर वाढलं की पावसाचं पाणी जिरायला जमीन कमी पडते. ठरावीक चौरस फुटांच्या वर गेलात तर पाणी अडवणारा खड्डा किंवा झाडांची चर काढावी लागते. हा खर्च बजेटमध्ये कुणीच धरत नाही. आम्हीही धरला नव्हता.

कचऱ्याच्या डब्याला कुंपण, दिव्यांची तोंडं खाली, रात्री दारात कुणी जुन्या गाद्या टाकून जाऊ नये म्हणून पाटी. हे सगळं किरकोळ वाटतं, पण विचारतात.

पार्किंगच्या किती जागा लागतात?

कोणत्या कप्प्यात बसवलंय त्यावर. काही शहरांनी किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकलीय. बफेलोने ती २०१७ मध्ये काढली. कॅलिफोर्नियात २०२२ च्या कायद्याने सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत शहरांना बहुतेक प्रकल्पांवर अशी सक्ती करता येत नाही. बाकी ठिकाणी सूट मागता येते, आणि पँट्रीला ती मागायला चांगलं कारण असतं: आठवड्यातले दोन-तीन तास सोडले तर लॉट ओस पडलेला असतो. शेजारच्या चर्चशी किंवा दवाखान्याशी लेखी करार करून त्यांचा लॉट वापरता आला तर उत्तम.

अपंगांसाठीच्या जागांना मात्र सूट नाही, तो फेडरल कायदा आहे. एकूण २५ जागांपर्यंत किमान एक, २६ ते ५० ला दोन. रॅम्पचा चढ १२ इंचाला एक इंचापेक्षा जास्त नको.

शेजारी म्हणतात, ‘असली’ माणसं आमच्या गल्लीत नकोत. यावर काय करायचं?

भांडू नका. ऐकून घ्या आणि दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘माझा ड्राइव्हवे अडतो’ हा मुद्दा आहे. ‘तसल्या लोकांची भीती वाटते’ ही भावना आहे, आणि निर्णयाचा आधार म्हणून ती टिकत नाही. टेक्सासमधल्या क्लीबर्न शहराने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या निवासाला स्पेशल परमिट नाकारलं होतं. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. शेजाऱ्यांची नुसती भीती किंवा नावड हे वेगळी वागणूक द्यायला कारण होऊ शकत नाही, असं कोर्ट म्हणालं. पँट्रीचा खटला नव्हता तो, पण शहरांचे वकील तो ओळखून असतात.

माझा अनुभव असा की भीतीच्या मागे बहुतेक वेळा एखादा साधा, सुटण्यासारखा मुद्दा दडलेला असतो. खोदून विचारलं की निघतो. कधीकधी नाहीही निघत.

मीच शेजारी आहे. घरी पत्र आलंय. विरोध केला तर मी वाईट ठरते का?

अजिबात नाही. पत्र त्यासाठीच पाठवतात. कॅलिफोर्नियात अशा सुनावणीची सूचना ३०० फुटांच्या आतल्या मालकांना किमान १० दिवस आधी द्यावी लागते, इतर राज्यांत आकडे थोडेफार वेगळे. पत्रावर केस नंबर आणि प्लॅनरचं नाव असतं. आधी फाइल मागवून नकाशा बघा. ज्यांना विरोध आहे त्यांच्यातल्या निम्म्यांनी तो बघितलेलाच नसतो.

मग ‘नको’ म्हणण्यापेक्षा काय हवं ते लिहा: ट्रक सकाळी आठच्या आधी नको, माझ्या कुंपणालगत झाडं हवीत, शनिवारी कुणीतरी रस्त्यावर उभं राहून गाड्या वळवायला हव्यात. अशा मागण्या जशाच्या तशा अटी होऊन परवानगीत उतरतात. नुसत्या ‘नको’तून काही उतरत नाही.

पँट्री चर्चच्या तळघरात आहे. (किंवा मंदिराच्या हॉलमध्ये.) नियम वेगळे का?

झोनिंग तेच, पण वर एक फेडरल कायद्याचं छत्र येतं. २००० सालच्या या कायद्याचं लघुनाव आहे ‘आरलूपा’. धार्मिक संस्थेच्या आचरणावर जमिनीच्या नियमांनी मोठा भार टाकायचा असेल तर शहराला अत्यंत सबळ कारण द्यावं लागतं. भुकेल्याला जेवू घालणं हा आमच्या धर्माचरणाचा भाग आहे, असं संस्था म्हणू शकते.

ऑरेगॉनमधल्या ब्रुकिंग्स गावात हेच घडलं. सेंट टिमोथीज हे एपिस्कोपल चर्च मोफत जेवण देत होतं. शेजाऱ्यांनी तक्रारीचा अर्ज केला आणि २०२१ मध्ये गावाने ठराव केला की निवासी भागातल्या चर्चनी परमिट घ्यावं आणि आठवड्यातून दोनच दिवस जेवण द्यावं. चर्च फेडरल कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला.

म्हणून हा कायदा खिशात ठेवून पहिल्याच बैठकीत टेबलावर आपटावा का? माझ्या मते नाही. तो शेवटचा पत्ता आहे. शिवाय पार्किंग, पाणी आणि अग्निसुरक्षा यांतून तो सहसा सोडवत नाही. आणि तुमची पँट्री स्वतंत्र संस्था असेल, चर्चशी फक्त भाडेकरूचं नातं असेल, तर हे छत्र तुमच्या डोक्यावर येईलच असं नाही. तेवढं वकिलाला विचारा.

सुनावणीत काय होतं? किती वेळ बोलायला मिळतं?

आधी स्टाफ आपला अहवाल वाचतो, मग अर्जदार, मग लोक, मग अर्जदाराला उत्तर द्यायची संधी, मग प्लॅनिंग कमिशनची, म्हणजे निर्णय देणाऱ्या मंडळाची, आपसांत चर्चा आणि मतदान. लोकांना बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं. तीन मिनिटं फार कमी असतात, घरी घड्याळ लावून एकदा बोलून बघा.

आमच्याकडून पहिल्या सुनावणीत चूक झाली. बाराजण बोलले आणि बाराही जण पँट्री किती चांगली आहे यावरच बोलले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. कमिशनर मंडळींनी आदराने ऐकलं आणि मग विचारलं, ‘ट्रक मागे कसा वळणार?’ आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. सुनावणी महिनाभर पुढे ढकलली. दुसऱ्या खेपेला चौघंच बोललो: एक रांगेवर, एक ट्रकवर, एक पाण्यावर, आणि चौथी पँट्रीतून सामान नेणारी एक आई. थंडीत बाळाला घेऊन रस्त्यावर चाळीस मिनिटं थांबावं लागतं, हे तिने सांगितलं, आणि तोही जागेच्या वापराचाच मुद्दा होता.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पुढे कुटुंबं वाढणार असतील तर आकडा आजच सांगा. परवानगी त्या आकड्यावर मिळते. कमी सांगून मंजुरी घेतली आणि वर्षभरात दुप्पट गाड्या आल्या, तर परवानगी परत तपासायला शहर मोकळं असतं.

आम्ही नागरिक नाही. बोलता येतं का? आणि आईला मराठीतच बोलायचंय.

येतं. ही जाहीर सुनावणी आहे, मतदान नाही. नाव आणि पत्ता विचारतात, पासपोर्ट नाही. दुभाषी हवा असेल तर काही दिवस आधी सिटी क्लार्कच्या ऑफिसला कळवा. मराठी दुभाषी लगेच मिळेल अशा भ्रमात राहू नका, आपलंच माणूस बरोबर न्या. आमच्या सॉर्टिंगला येणाऱ्या एका काकू मराठीत बोलल्या, त्यांच्या नातीने इंग्रजी केलं. काकू दोन वाक्यं बोलल्या, नात सहा. काकूंनी माइकवरच तिला विचारलं, ‘मी एवढं कुठे बोलले?’

कमिशनमधले एक जण माझ्या ओळखीचे आहेत. एक फोन टाकू का?

टाकू नका. परमिट आणि व्हेरियन्सच्या बाबतीत कमिशन न्यायाधीशाच्या भूमिकेत असतं. जे काही सांगायचं ते सगळ्यांसमोर, फाइलमध्ये. खासगीत बोलणं झालं तर त्यांना ते जाहीर करावं लागतं, वेळप्रसंगी बाजूला बसावं लागतं, आणि तुमचं एक मत जातं. प्लॅनिंग विभागाच्या स्टाफशी मात्र हवं तेवढं बोला.

मंजुरी मिळाली, पण अटींची यादी दोन पानी आहे. सगळं मान्य करायचं?

मतदानाआधी वाचा, नंतर नाही. अटींचा मसुदा स्टाफ रिपोर्टला जोडलेला असतो. आमच्या मसुद्यात ‘वाटप फक्त शनिवारी’ अशी अट होती. ती तशीच राहिली असती तर सगळी गर्दी पुन्हा एकाच सकाळी, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध चाललंय तेच वाढवायचं. आम्ही तेवढं दाखवून दिलं आणि ती ‘आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळांत’ अशी बदलून घेतली. उलट, गाड्या वळवायला दोन स्वयंसेवक ठेवण्याची अट आम्ही आनंदाने घेतली.

परवानगी साधारणपणे जमिनीसोबत चालते, संस्थेसोबत नाही. उद्या जागा विकली तरी अटी तिथेच राहतात. आणि ठरावीक मुदतीत, बरेचदा वर्ष-दोन वर्षांत, काम सुरू केलं नाही तर ती संपते. देणग्या गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी टाका.

नाही म्हणाले तर?

अपील. कमिशनकडून कौन्सिलकडे, तिथून कोर्टात. काही राज्यांत वेगळी यंत्रणा असते. ऑरेगॉनमध्ये १९७९ पासून जमीन वापराच्या अपिलांसाठी स्वतंत्र मंडळ आहे आणि तिथे निर्णयानंतर २१ दिवसांच्या आत जावं लागतं. मुदती अशा छोट्या असतात, पत्र आलं की कॅलेंडरवर खूण करा. जो मुद्दा सुनावणीत मांडलाच नाही तो अपिलात बरेचदा चालत नाही, म्हणून सगळं आधीच लेखी द्या.

फेडरल अनुदान मिळतंय. पाया खणायला सुरुवात करू का?

थांबा! कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा, म्हणजे हाउसिंग खात्याचा पैसा येणार असेल तर आधी पर्यावरण तपासणी पूर्ण व्हावी लागते. त्याआधी कंत्राट केलं किंवा कुदळ मारली तर तो पैसा हातचा जाऊ शकतो. २,००० डॉलरच्या वरच्या बांधकाम कंत्राटाला ठरलेल्या मजुरीदरांचा फेडरल नियमही सहसा लागू होतो. कंत्राटदाराचा अंदाज घेतानाच त्याला हे सांगा.

झोनिंग झालं म्हणजे बिल्डिंग परमिट मिळालं ना?

नाही. ते वेगळं, आणि नंतर. तिथे स्प्रिंकलर, बाहेर पडायची दारं, वीज बघतात. आरोग्य खातं आणखी वेगळं. त्यांना कूलरचं तापमान ४१ अंश फॅरेनहाइटच्या वर गेलेलं चालत नाही.

आवारात लावलेली सुनावणीच्या सूचनेची मोठी पाटी कधी काढायची?

अनेक शहरांत निर्णयानंतर काही दिवसांत ती अर्जदारानेच काढायची असते. आमची पाटी काढायला मी गेले तेव्हा जमीन गोठलेली होती, खांब हलेना. समोरचे आजोबा नेहमीसारखे कमरेवर हात ठेवून बघत होते. मग आत गेले आणि पहार घेऊन आले.